भांडं मोकळं झालं का?

१

आमच्या लोवेट्स क्रॉसिंगमध्ये माणूस गेलं की संध्याकाळच्या आत त्या घरी जेवण पोचतं. कुणाला सांगावं लागत नाही. बायका एकमेकींना फोन करतात, ओव्हन पेटतात, आणि गेलेल्याच्या स्वयंपाकघरात टेबल दिसेनासं होतं. भाजलेलं हॅम, बटाट्याचं सॅलड, चीज घातलेली मॅकरोनी आणि अर्ध्या गावाचे केक. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. कारण रडून झालं की घरच्यांचं खरं काम सुरू होतं, ते म्हणजे भांडी परत करण्याचं. ती घासूनपुसून द्यायची, आणि काही ना काही घालून द्यायची. जी बाई रिकामं भांडं परत देते तिच्याबद्दल आमच्याकडे तिच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत बोललं जातं.

माझी आई, व्हर्ना पुलियम, मार्च महिन्यात गेली. वय झालं होतं, झोपेत गेली. मी नेल्डा, तिची एकुलती उरलेली मुलगी. गावच्या हायस्कुलात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे तराजूत न बसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी म्हणत असे. आईच्या दफनाच्या सगळ्या व्यवस्थेत मी फक्त एकदाच भांडले. तिचा आवडता जांभळा झगा मी अंत्यविधीवाल्याकडे दिला, तर त्याने तो माझ्यासमोर मानेपासून खालपर्यंत पाठीमागून कात्रीने कापला.

"अहो, काय करताय?" मी ओरडले.

"सगळ्यांचा असाच करतो, मॅडम. घालायला सोपं जातं," तो म्हणाला. "पाठ कोण बघतंय?"

दफन झालं, लोक पांगले, आणि मी आईच्या घरी भांडी आवरायला राहिले. माझी मुलगी डोरिंडा अटलांटाहून आली होती, तीही राहिली. तिला आठवा महिना लागला होता. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला आम्ही दोघी श्वाससुद्धा जपून घेत होतो. मी तिला खुर्चीवरून उठू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले तर ती टेबलाशी बसून कोंबडीच्या रश्शातले पिठाचे गोळे चमच्याने चाटूनपुसून खात होती.

"ममा, हे डम्पलिंग कुणी आणलं? अगदी आजीच्या हातचं! तोंड भाजेल एवढी मिरपूड."

मी भांड्याकडे पाहिलं. पांढरं इनॅमलचं, निळ्या कडेचं, झाकणाचं. मी ते ओळखलं. ते आईच्या कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर असे. माझ्या लहानपणापासून ते तिथंच होतं, आणि आईने त्यात कधी काही शिजवलेलं मी पाहिलं नव्हतं. चर्चच्या जेवणालाही ती ते काढत नसे. मी ते उलटं केलं. बुडाला चिकटपट्टी होती, तिच्यावर आईच्या तिरक्या अक्षरात तिचंच नाव होतं. बूड अजून कोमट लागत होतं.

२

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? कुणीतरी बाईने मदतीच्या भरात वरचं भांडं काढलं, त्यात आपल्याकडचं डम्पलिंग ओतलं, गरम केलं. इतकंच. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की मला माझाच कंटाळा आला. मग मी गाडीत भांडी भरून गावभर फिरले आणि प्रत्येक दारात विचारलं.

ओपल स्टबलफील्ड ही आईची चर्चमधली मैत्रीण. गावात कुणी काय शिजवलं हे तिला त्या घरच्यांच्या आधी कळतं. ती पोर्चवर झोपाळ्यात बसली होती.

"मी? व्हर्नाच्या भांड्याला हात?" ती म्हणाली. "अगं, एकदा मी ते नुसतं खाली उतरवून पुसायला गेले तर तिने माझ्या मनगटावर फटका मारला. उलथन्याने! एवढी गोड बाई, आणि उलथन्याने!"

"मग डम्पलिंग कुणी केलं?"

"तसं डम्पलिंग करणारी एकच होती, आणि तिला आपण मंगळवारी पुरलं." ओपलने हे म्हटलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "माझी जीभ झडो. चहा घेतेस?"

गोड थंड चहा घेतल्याशिवाय तिथून सुटका नव्हती, म्हणून उशीर झाला. घरी आले तेव्हा ते भांडं टेबलावर नव्हतं.

"दिलं की परत," डोरिंडा म्हणाली. "मागच्या दाराशी एक म्हातारी बाई आली होती. 'भांडं मोकळं झालं का?' म्हणाली. मी घासून ठेवलंच होतं. रिकामं कसं देणार, म्हणून टेबलावरचा अर्धा केक घातला."

"कोण होती?"

"नाव विचारायची लाज वाटली गं. तिला मी माहीत होते, तू माहीत होतीस. मी ओळखलं नाही असं कसं दाखवू?"

"दिसायला कशी होती?"

डोरिंडा जरा विचारात पडली. "जाळीच्या दारापलीकडे होती. मागून ऊन येत होतं. सावलीच दिसली. आवाज मात्र ओळखीचा वाटला."

ते जाळीचं दार मी जन्मभर ऐकलं आहे. उघडताना त्याची स्प्रिंग मांजरीसारखी किंचाळते आणि बंद होताना ते दोनदा आपटतं. मी डोरिंडाला विचारलं, दार वाजलं का?

"नाही," ती म्हणाली, आणि खाली बघून तिने पोटावर हात ठेवला. "भांडं मी तिच्या हातात दिलं ना. मग दार वाजायला हवं होतं. हो की नाही?"

मी म्हटलं स्प्रिंगला तेल घातलं असेल कुणीतरी. मग मी स्वतः ते दार उघडून पाहिलं. ते किंचाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर भांडं होतं. आत ताज्या पीचचं भाजलेलं गोड कॉबलर होतं, वरून वाफ येत होती. पीचचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो.

३

आईची धाकटी बहीण, आयमोजीन मावशी, गावाबाहेर रेल्वेच्या फाटकापलीकडे एकटी राहते. गुडघ्यांमुळे ती दफनाला आली नव्हती. मी गेले तेव्हा ती मांडीवर परात घेऊन अक्रोडासारखी पेकन फोडत होती.

मी तिला सगळं हसतहसत सांगायला सुरुवात केली. हसणं फार वेळ टिकलं नाही, कारण मावशीचे हात थांबले होते.

"पोरीने खाल्लं?"

"खाल्लं."

"ते जाऊ दे. खाल्लं तर खाल्लं. परत दिलं का? भरून?"

"अर्धा केक."

मावशीने परात बाजूला ठेवली. पेकनची टरफलं पोर्चभर सांडली आणि तिने ती तशीच राहू दिली. घर लख्ख ठेवणारी बाई ती, मला ते बघवेना.

"तुला वेंडेल आठवतो?" तिने विचारलं.

वेंडेल माझा धाकटा भाऊ. मी नऊ वर्षांची असताना तो ओढ्यात बुडाला. आमच्या घरात एवढंच सांगितलं जाई आणि मग कुणीतरी दुसरा विषय काढत असे.

"आमची आई गेली, कोरा, तुझी आजी," मावशी म्हणाली, "तेव्हा असंच ते भांडं टेबलावर आलं. आईचंच होतं. बुडाला तिचं नाव. मग मागच्या दाराशी कुणीतरी ते मागायला आलं. आता व्हर्नाचं तुला माहीत आहे, दारातल्या माणसाला ती रिकाम्या हाताने पाठवेल होय? तिने बिस्किटं घालून दिलं. ते भरून परत आलं. हिने पुन्हा भरून दिलं. दोघींपैकी कुणी थांबायचं गं? आपल्याला थांबता येतं का? मरायची पाळी आली तरी आपण आधी काहीतरी वाढणार."

"मग?"

"मग एक दिवस घरात काहीच नव्हतं. पाव नाही, अंडं नाही. व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाली, 'आज द्यायला काही नाही हो, पण जड आहे ते, वेंडेल तुम्हाला घरापर्यंत पोचवील.'" मावशीने डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "मी खिडकीत होते. तो भांडं घेऊन त्या मागायला आलेल्या बाईच्या शेजारून चालत गेला. छान शहाण्यासारखा. भांडं परत आलं."

मी वाकून टरफलं वेचू लागले.

"तू तिला पाहिलंस?" मी विचारलं.

"पाठ पाहिली. तेवढी पुरली मला." ती पुढे म्हणाली, "मग ती तुझ्याबद्दल विचारू लागली. 'मुलगी मोठी झाली का? भांडं धरता येतं का तिला?' व्हर्नाने ते ओढ्यात टाकून पाहिलं, विहिरीत टाकून पाहिलं. शेवटी आईच्या नावावर तिने स्वतःचं नाव चिकटवलं आणि दारात जाऊन म्हणाली, हे माझं आहे, मला कुणाला परत द्यायचं नाही. त्यानंतर मागायला कुणी आलं नाही. तू मोठी झालीस. शिकलीस. आमच्यावर शहाणपणा करू लागलीस."

"म्हणजे तिने मला..."

"इथे बसून काय विचारतेस?" मावशी ओरडली. "पोर घरी एकटी आहे ना?"

४

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. फाटकाशी मालगाडी आडवी आली आणि मी स्टिअरिंगवर मुठी आपटत बसले. मला विश्वास बसला होता का? नाही. माझी बुद्धी अजूनही म्हातारीच्या भ्रमाची, जुन्या दुःखाची, शेजारणीच्या चावटपणाची कारणं शोधत होती. पायांना मात्र ब्रेकवर राहवत नव्हतं, त्यांना माझी कारणं पटत नव्हती.

भर दुपार होती. आईच्या घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. डोरिंडा पुढच्या खोलीत कोचावर पाय वर करून पंख्याखाली पडली होती. ती ठीक होती. मी तिच्या पोटावर हात ठेवला, आतून लाथ बसली, आणि मी तिथंच जमिनीवर बसले.

"काय झालं गं, ममा? अशी पांढरीफटक का?"

"कुणी आलं होतं?"

"तीच बाई. आत्ताच गेली." डोरिंडाने जांभई दिली. "लाज काढलीस तू माझी. सगळे केक वाटून टाकलेस, घरात एक बिस्कीट नाही. ती दारात उभी, आणि माझ्या हातात घासलेलं रिकामं भांडं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं!"

"मग काय दिलंस?"

"काय देणार? ती म्हणाली, राहू दे गं, भांडं इथंच असू दे, सवडीने दे. मग मीच म्हटलं, पुढच्या वेळी रिकाम्या हाताने नाही यायची मी. मे महिन्यात बाळ झालं की त्यालाच घेऊन येते तुमच्याकडे." ती हसली. "किती खूश झाली म्हणून सांगू! म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, नक्की."

असं आम्ही सगळ्याच म्हणतो. मीसुद्धा शंभर जणींना म्हटलं असेल. दारातलं माणूस आनंदाने जावं म्हणून म्हणायचं असतं ते.

मी उठले आणि मधलं दार ओढून घेत स्वयंपाकघरात गेले.

भांडं टेबलावर होतं. मी ते पालथं केलं आणि नखाने चिकटपट्टी उचकटू लागले. ती निघत नव्हती, कडा तेवढ्या सुटत होत्या. आईच्या नावाखाली दुसरी पट्टी दिसली, चहासारखी पिवळी पडलेली, आणि तिच्यावरचं 'कोरा' एवढंच वाचता आलं. मी आईचा खण उघडला. दोऱ्याची रिळं, जुनी कुपनं, रबरबँड. शेवटी चिकटपट्टीचं रीळ सापडलं. पेन सापडेना. मग पर्समध्ये मुलांचे पेपर तपासायचं लाल पेन होतं, ते घेतलं.

मी 'नेल्डा' लिहिलं, पट्टी आईच्या नावावर दाबून बसवली, आणि जमिनीवरचं ऊन गेलं.

मागच्या दाराची जाळी झाकोळली होती.

"नेल्डा जीन."

जगात एकच माणूस मला या पूर्ण नावाने हाक मारायचं. दोन्ही शब्दांमध्ये ती दम घ्यायची, शेवटच्या वर्षात तर जास्तच.

"भांडं मोकळं झालं का गं?"

माझ्या ओठांवर आलं होतं, ये ना, आत ये, उन्हात का उभी, बस, थंड चहा देते. ते आपोआप येतं. जीभ चावली तेव्हा थांबलं. रक्ताची चव आली.

"हे माझं आहे," मी म्हणाले. "मला कुणाला द्यायचं नाही."

पंख्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि त्याच्यात डोरिंडाचं गुणगुणणं.

"बघू."

मी भांडं दोन्ही हातांनी धरून बूड दाराकडे केलं. जाळी एका ठिकाणी आत फुगली. बोटाएवढा फुगवटा. तो फुगवटा हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकला, जसं एखादं माणूस चष्म्याशिवाय बोट ठेवून वाचतं. माझ्या नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी तो थांबला.

"अक्षर छान आहे तुझं," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच."

मला रडू फुटलं. ती माझी आई होती हो. काहीही असलं तरी तो तिचाच आवाज होता, आणि ते ऐकायला मी काहीही दिलं असतं. बहुतेक असंच देतात लोक.

"बाळ बघायचं होतं गं," ती म्हणाली. "पोरीने कबूल केलंय."

"नाही, ममा."

आईला मी असं तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. फुगवटा मागे गेला. ऊन परत येऊ लागलं. ती वळली, आणि पायऱ्या उतरताना मला तो जांभळा झगा पाठीमागून दिसला. मानेपासून खालपर्यंत उभा कापलेला. दोन्ही बाजू चालताना उघडत होत्या. त्यांच्यामध्ये काय होतं ते मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असेल तर सांगणार नाही.

बऱ्याच वेळाने दार दोनदा आपटलं. त्या आधी स्प्रिंग मुळीच वाजली नव्हती.

५

मे महिन्यात मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. तिचं नाव आम्ही आमच्या घराण्यातलं ठेवलं नाही, ते मी हट्टाने ठेवू दिलं नाही.

आईचं घर विकलं. भांडं माझ्याकडे आलं, माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर. पेटीत घालून गोदामात ठेवायचा प्रयत्न केला होता, त्याबद्दल सांगत बसत नाही. नात आता चार वर्षांची आहे. एकदा ती खुर्चीवर चढून त्याला हात लावायला गेली तेव्हा माझ्या हातात उलथनं होतं. मी तिला फटका मारला, आणि मग ओपलची गोष्ट आठवून मी किती वेळ सिंकपाशी उभी होते.

आई कशी म्हातारी झाली ते मी पाहिलं आहे. माझा दमही आता दोन शब्दांमध्ये अडकतो. म्हणून परवा अटलांटाला गेले तेव्हा मी डोरिंडाला सगळं सांगितलं, वेंडेलसकट. शेवटी म्हटलं, "मी गेले की तुझ्या टेबलावर ते भांडं येईल. मी करते तसं लिंबू घातलेलं कोंबडीचं सूप असेल त्यात. खाऊ नकोस. घासू नकोस. आणि कुणी मागायला आलं तर त्यात काहीही घालून देऊ नकोस. त्याच्यावर तुझं नाव लिहायची पाळी येऊ देऊ नकोस."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मोठ्यांचं मधेच तोडायचं नाही, हे मीच तिला शिकवलं आहे.

"आणि दारात तू असलीस तर?" तिने विचारलं.

"तेव्हा तर मुळीच उत्तर देऊ नकोस."

"बरं, ममा," ती म्हणाली आणि हसून माझ्या गालाचा पापा घेतला.

मी निघाले. मी त्यांच्यासाठी सूप नेलं होतं तो माझा डबा तिने घासून, पुसून आणला. नात तिच्यामागे नाचत होती. डबा माझ्या हातात देण्याआधी डोरिंडा थांबली, वळली, आणि मुलीला म्हणाली, "अगं थांब, आजीचा डबा रिकामा कसा द्यायचा? काय घालूया आपण त्यात?"

"मी!" नात ओरडली. "मी बसते त्यात!"

दोघी पोट धरून हसल्या. डोरिंडाने केक कापून त्यात भरला, झाकण लावलं आणि डबा माझ्यापुढे धरला. मी दारात उभी होते. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. मला माझ्या मुलीचा चेहरा स्वच्छ दिसत होता, पण ती डोळ्यांवर हात धरून मला नीट बघायचा प्रयत्न करत होती.